खासदारांचं प्रगतीपुस्तक आणि कुणीच न पाहिलेलं पासबुक

साइटवाला
आमच्या खासदारांच्या पाठीराख्यांनी काल एक पोस्ट फिरवली. संसदेतलं प्रगतीपुस्तक. हजेरी उत्तम, प्रश्न शेकड्यांनी, स्थलांतरित मजुरांवर शून्य प्रहरात दोनदा भाषण, वर एक खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेलं. खाली ठळक अक्षरांत 'कष्टकऱ्यांचा बुलंद आवाज'. एकदा वाचून सोडून दिली. तिसऱ्यांदा तीच आली तेव्हा राहवलं नाही.

मी १४ वर्षं बांधकामाच्या साइटवर आहे. हजेरी मी लावतो, पगार माझ्यासमोर वाटला जातो. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात होतं की ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, जाण्या-येण्याचं भाडं द्यायचं, शिवाय विस्थापन भत्ता. भत्ता किती, तर महिन्याच्या पगाराच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते. मी आजवर एकही पासबुक बघितलेलं नाही. आमचा ठेकेदार आधारकार्डांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ऑफिसातल्या खिळ्याला टांगायचा. तेच रजिस्टर. २०२०च्या टाळेबंदीत विचारणा झाली, कुठल्या राज्याचे किती जण आहेत. पिशवी जमिनीवर उलटी केली. निम्म्या झेरॉक्सवरची माणसं वर्षापूर्वीच गेलेली, आणि बाहेर पत्र्याच्या खोलीत बसलेल्या ११ जणांचा एकही कागद नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारलं गेलं, घरी जाताना किती मजूर दगावले? कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. आकडेवारीच नाही म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले, त्यांच्या भाकऱ्या अख्ख्या देशाने पाहिल्या. असले प्रश्न विचारून मिळवलं काय? प्रश्न मोजू नका. उत्तर आल्यावर खासदार काय करतात ते सांगा.

शून्यप्रहर
तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. 'आमच्याकडे नोंद नाही' हे सरकारकडून लेखी कुणी काढून घेतलं? प्रश्न विचारणाऱ्यानेच ना? त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वेला विचारलं, तेव्हा श्रमिक गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याचं उत्तर आलं. एका खात्याची वही कोरी, दुसऱ्याच्या वहीत ९७. हा फरक मोर्चाने कळला नसता.

आणि 'शेकड्यांनी प्रश्न' म्हणजे बसल्या जागी होणारं काम नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे), २३० अतारांकित (लेखी उत्तराचे). पंधरा दिवस आधी नोटीस, मग सोडत. तारांकितात नाव वर लागलं तरच उभं राहून पुरवणी प्रश्न विचारता येतो. २०२०च्या त्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता.

साइटवाला
सोडतीत नंबर लागला म्हणून सत्कार करायचा का?

खाजगी विधेयकाचंही सांगा. स्वातंत्र्यानंतर अशी १४ पास झाली, शेवटचं १९७०मध्ये. त्यानंतर एकही नाही. शुक्रवारी दुपारी मांडायचं, फोटो काढायचा आणि संध्याकाळचं विमान धरायचं.

शून्यप्रहर
कोकणातल्या खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, म्हणजे खोतीविरुद्ध, बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खाजगी विधेयकच मांडलं होतं. तेही पास झालं नव्हतं. खोती गेली १९४९च्या कायद्याने. मग ते १९३७चं मांडणं फुकट होतं?

साइटवाला
वा! तुमच्या खासदारांना थेट बाबासाहेबांच्या पंगतीला बसवलंत. बाबासाहेबांनी १९३८मध्ये औद्योगिक कलह विधेयकाला सभागृहात विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये त्यासाठी संपही घडवला. आत बोलले, बाहेरही उतरले. आमचे बाहेर उतरतात ते फीत कापायला.

खरंबोला
एक विचारू? परराज्यातल्यांचा एवढा पुळका कशाला? मराठी पोरं बेकार फिरतायत, त्यांच्यावर शून्य प्रहरात कोण बोलतं? बाहेरचे कमी पैशात राबतात म्हणून आमच्या पोरांना काम नाही.

लालबागचा नातू
कमी पैशात राबवून घेतात, असं म्हणा. पासबुक, भाडं, भत्ता सगळं द्यावं लागलं असतं तर बाहेरचा माणूस स्वस्त पडला असता का? कायदा पाळला तर तुमच्याच पोरांचा फायदा आहे.

आणि माझे आजोबा रत्नागिरीहून आले होते. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारे पंधरा-वीस जण, जेवायला खानावळ. तेव्हा तेही बाहेरचेच होते. ८२च्या गिरणी संपात घरातली भांडी विकली गेली. नंतर संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत ८४ला अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, चाळीत गुलाल उधळला. गिरणी काही उघडली नाही. म्हणून संसद म्हटलं की मला तो गुलाल आठवतो. त्यापुढे माझ्याकडे मुद्दा नाही.

अर्ध्या कोयत्याची लेक
सगळ्यांचं वाचलं. स्थलांतरित म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं यूपी-बिहारच येतं. आमच्या बीडच्या बाया दिवाळी झाली की ट्रकात बसून ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीला जातात, त्या कोण? सहलीला जातात? १९७९चा कायदा 'आंतरराज्य', म्हणजे बेळगावला गेलं तर कागदावर हक्क आणि अलीकडं कोल्हापूरला थांबलं तर तोही नाही. नव्या कामगार संहितेतही दुसऱ्या राज्यात गेलेलाच स्थलांतरित.

मी सहावीपर्यंत फडातच वाढले. पहाटे तीनला आई-बाप कोपीतून, म्हणजे झोपडीतून, निघायचे, मी धाकट्याला घेऊन मागं. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत भरायची, मी वाढे गोळा करायचे. एक दिवस खाडा झाला की मुकादम, म्हणजे टोळी जमवून नेणारा, उचलीतून (आगाऊ दिलेल्या पैशातून) कापायचा. आईला पाळीच्या दिवसांतही बसता यायचं नाही. गर्भाची पिशवी काढून टाकायचं कुणी आणि का सुचवलं असेल ते आता तुम्हीच समजा.

टायरगाडी
ताई, वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजू पण ऐका की. मी सांगली जिल्ह्यातला वाहतूकदार. ट्रॅक्टर कर्जावर, दोन ट्रेलर कर्जावर. टोळीसाठी मुकादमाला नऊ लाख उचल दिली. स्टँपवर लिहून घेतलं, फोटो काढले. हंगाम सुरू झाला, फोन बंद. गावाकडं गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणतात, कर्नाटकात दुसऱ्याची उचल घेऊन गेला. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जावा. माझ्यावर कोण विचारणार प्रश्न? कामगाराचा बुलंद आवाज हाय, आमचा आवाज बसलाय.

अर्ध्या कोयत्याची लेक
उचल घेतली मुकादमानं, पळाला मुकादम. त्यात मजूर कुठं आला? माझ्या बापाच्या नावावर किती उचल लिहिली हे बापाला हंगाम संपून पट्टा पडल्यावर कळायचं. दर वर्षी फिटायची नाही आणि दर वर्षी हिशेब त्यांच्याच वहीत.

टायरगाडी
सगळे मजूर काय देव नसतात. एक मुकादम नवरा-बायकोच्या चार जोड्या घेऊन आला होता एकदा, तीन आठवड्यांत रात्रीतून तीन जोड्या पसार. राहिलेल्या दोघांना मग मी सोडलं नाही, फिटेपर्यंत थांबवलं. काय करणार? हप्ता बँक थांबवत नाही.

शून्यप्रहर
थांबवलं म्हणजे? दुसऱ्यांनी पळवलेल्या पैशांसाठी या दोघांना? दादा, १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली हा गुन्हा आहे. अशा लोकांसाठीच तो कायदा झाला.

टायरगाडी
आला मोठा वकील! जेवायला घातलं त्यांना, दवाखान्यात पण मीच नेलं. एसीत बसून कलमं सांगायला काय जातं? एकदा फडावर येऊन बघ.

अर्ध्या कोयत्याची लेक
जेवायला घालून थांबवलं तरी थांबवलंच. आम्हालाही असंच एकदा एका गावात थांबवलं होतं. वार्षिक परीक्षा सुरू होती माझी. ते वर्ष गेलं.

टायरगाडी
…
तुमची परीक्षा मी नाही बुडवली ताई. पण बरं. त्या दोघांना नको होतं थांबवायला. माझे नऊ लाख मात्र गेलेच, ते पण लिहा कुठंतरी.

खरंबोला
विषय खासदारांचा होता ना?

साइटवाला
माझा धागा उसाच्या फडात शिरला आणि मुकादमासारखा गायब झाला. असो.

शून्यप्रहर साहेब, मूळ मुद्द्यावर या. तुमच्या त्या आवाजाच्या डोळ्यांदेखत २०२०मध्ये तीन कामगार संहिता दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून निघाल्या. राज्यसभेत तर विरोधी बाक बहिष्कारामुळे रिकामे होते. कायदा लागू व्हायला पाच मजुरांची अट होती, ती दहा झाली. आमच्या साइटवर एकेका उपठेकेदाराकडे आठ-नऊच माणसं असतात. विस्थापन भत्ता तर उडालाच. २१ नोव्हेंबर २०२५पासून हे लागूही झालं. आता निरीक्षकाचं नाव 'निरीक्षक-तथा-सुविधाकार'. आधीचा निरीक्षक कधी आला नाही, आता सुविधा घेऊन येणार म्हणे.

शून्यप्रहर
बहिष्काराचं मान्य. त्या दिवशी आत बसून प्रत्येक कलमावर मतदान मागायला हवं होतं, हे माझं तेव्हाही मत होतं. पण स्वतःहून आलेला परराज्यातला मजूरही आता व्याख्येत आला, पूर्वी फक्त ठेकेदाराने आणलेला होता. तेही लिहा की. अर्धंच का वाचता?

साइटवाला
लिहिलं. व्याख्येत आला. पिशवीत कधी येणार?

अर्ध्या कोयत्याची लेक
एक मात्र शून्यप्रहर यांच्या बाजूनं सांगते, मनावर दगड ठेवून. पिशव्या काढल्याचं आम्ही वर्षानुवर्षं बोलायचो, कुणी ऐकलं नाही. पेपरात आलं, मग २०१९च्या जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न लागला. आरोग्यमंत्र्यांना सांगावं लागलं की बीडच्या खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि जिल्ह्यात पिशवी काढायच्या आधी शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ऊस तोडायचा थांबला नाही, खाडाही बंद झाला नाही. पण गावातल्या एका बाईला डॉक्टरनं 'आधी परवानगी आणा' म्हणून परत पाठवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आईच्या वेळी हे नव्हतं.

साइटवाला
हं. हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे, एक प्रश्न कामाला आला. शेकड्यांतला एक.

मग मीही एक देतो, घ्या. आमच्या जिल्ह्यात किती ठेकेदारांची नोंद आहे, तपासणी कधी झाली, आणि किती मजुरांच्या हातात प्रवासभत्ता पडला? पाठवा तुमच्या बुलंद आवाजाकडे.

शून्यप्रहर
असा पाठवला तर येणार नाही. अंमलबजावणी राज्यांकडे, म्हणून 'राज्य सरकारांकडून माहिती मागवली आहे' म्हणत टोलवतील. असं लिहा: प्रवासभत्त्याची राज्यनिहाय आकडेवारी केंद्र ठेवतं काय, ठेवत असल्यास तपशील, नसल्यास कारणे. 'नसल्यास कारणे' विसरू नका. आणि 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं, आश्वासन समितीकडे पाठपुरावा करता येतो.

साइटवाला
मजुरासाठी नाही, प्रश्न विचारण्यासाठीच एक ठेकेदार लागतो म्हणायचा. बरं, टंकून द्या व्यवस्थित. खासदारांच्या कचेरीत मी स्वतः नेऊन देतो, पोहोच घेऊन येतो.

टायरगाडी
जाताच आहात तर मुकादमांची नोंदणी सक्तीची करा, हे पण एका ओळीत घाला. पाया पडतो.

अर्ध्या कोयत्याची लेक
घाला ते. आणि मजुराला उचलीची पावती, हे त्याच्या वरच्या ओळीत.