चर्चिलची रेल्वे: दोन रात्री गाडीत कशाला काढायच्या?

भटकभवानी: कॅनडातल्या विनिपेगहून हडसन उपसागरावरच्या चर्चिल गावाला रेल्वेने जाऊन आले. अंतर जवळपास १,७०० किमी, गाडीत दोन रात्री. विमान अडीच तासांत पोचवतं. ‘निसर्गरम्य प्रवास’ म्हणे! पहिला दिवस शेतं, दुसरा दिवस खुरटे स्प्रूस (सूचिपर्णी झाडं), तिसऱ्या सकाळी आणखी खुरटे स्प्रूस. तिथली ध्रुवीय अस्वलं बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरळ विमानाने जा.

गारठलेला_पुणेकर: खिडकीबाहेर पाहिलंत की मोबाइलमध्ये? उत्तरेकडे तारांचे जुने खांब तीन लाकडांच्या तिवईवर उभे दिसतात. खालची जमीन कायम गोठलेली, वरचा थर वितळतो-गोठतो आणि पुरलेला खांब वर ढकलला जातो, म्हणून ही युक्ती. पुढे झाडांना एकाच बाजूला फांद्या, दुसरी बाजू वाऱ्याने खरवडलेली. हे ढगांवरून दिसणार होतं?

भटकभवानी: तिवया पाहिल्या हो. दहा मिनिटं कौतुक वाटलं. उरलेल्या तासांचं काय करू?

रूळतज्ज्ञ: गाडी हळू चालते ती हौसेने नाही. दलदल आणि गोठलेल्या जमिनीवर १९२९ साली चर्चिलपर्यंत पोचलेला रूळ आहे, जमीन हलली की तोही वाकडा होतो. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, इथे तसं बारमाही समजा.

थॉम्प्सनकर: तुम्ही सगळे पर्यटक म्हणूनच बोलताय. चर्चिलला मोटाररस्ता जातच नाही. मे २०१७ च्या पुरात रूळ वाहून गेला आणि दीड वर्ष गाडी बंद. सामान विमानाने, भाव गगनाला. मागे वाटेतल्या थॉम्प्सन स्टेशनला एक आजी चढल्या: डायपरचे चार खोके, वर मांडीवर नातवाच्या वाढदिवसाचा केक. रात्रभर खोका आडवा होऊ दिला नाही. विमानात एवढं सामान न्यायचं तर केकपेक्षा भाडं जड!

भटकभवानी: मग गाडी आजींसाठी चालवा, सरकारने पैसे घालावेत, माझी ना नाही. पण आम्हाला ‘निसर्गरम्य’ म्हणून तिकीट कशाला विकता?

थॉम्प्सनकर: तुमचं तिकीट असेल तर आजींची गाडी थोडी कमी तोट्यात जाते, म्हणून.

गारठलेला_पुणेकर: केक शाबूत पोचला का?

थॉम्प्सनकर: एका कोपऱ्याचं क्रीम झाकणाला लागलं होतं. तेवढंच.