कमिशनच्या कागदावर राष्ट्रपती. मग लढाईचा हुकूमही त्यांचाच का?

कऱ्हाडची आई:
लेक डिसेंबरात डेहराडूनहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडला. कमिशनचा, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीचा, कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. त्यावर राष्ट्रपतींचा उल्लेख आहे, पंतप्रधानांचा कुठेच नाही. शेजारचे काका म्हणतात, "म्हणजे लढाईचा हुकूम राष्ट्रपतीच देणार." खरंय का?

निवृत्त सुभेदार, सातारा:
ताई, आधी अभिनंदन. बेळगावच्या कसम परेडला आम्हीही हेच बोललो होतो: राष्ट्रपतींचे हुकूम मानीन, जीव धोक्यात आला तरी. पुढे अख्ख्या नोकरीत हुकूम आले ते कंपनी कमांडरचे, बऱ्याचदा शिव्यांसकट. राज्यघटनेचं कलम ५३ सैन्याची सर्वोच्च कमान राष्ट्रपतींना देतं आणि तिथेच ती कायद्यानुसार वापरायची असंही म्हणतं. त्यात कलम ७४. मंत्रिमंडळाचा सल्ला मानायलाच हवा, हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहून टाकलं. ४४ वीने एकदा "फेरविचार करा" म्हणायची मुभा दिली. पुन्हा तोच सल्ला आला की सही. २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील वैमानिकांचा जी-सूट घालून पुण्याच्या लोहगावहून सुखोई लढाऊ विमानात बसल्या, पण विमान वैमानिकच चालवत होता. तसंच हे.

मेधा:
मी कायदा शिकवते. परराष्ट्र खात्याचंही तेच. आपले राजदूत राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन जातात, परदेशी राजदूत त्यांचं राष्ट्रपती भवनात आणून देतात. करार मात्र सरकार करतं. पण सुभेदारसाहेब, सहीला इतकं हलकं नका धरू. १९७५ ला आणीबाणीवर २५ जूनच्या रात्री सही झाली, मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी! म्हणून तर ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारायची नाही असं ठरलं. सुभेदारांनी दुरुस्तीचा हा अर्धा भाग गाळला.

निवृत्त सुभेदार, सातारा:
गाळला, मान्य.

कऱ्हाडची आई:
काकांना वाचून दाखवलं. "मग कागदावर राष्ट्रपती कशाला?" म्हणे.

निवृत्त सुभेदार, सातारा:
त्यांना विचारा, सरकार पडलं की पोराने नव्या पक्षाच्या नावाने पुन्हा कसम खायची का? बरं, युनिट कुठलं मिळालं?

कऱ्हाडची आई:
ते इथे नको.

निवृत्त सुभेदार, सातारा:
शाब्बास. मीच चुकलो.