बीमएनजी ड्राइव्ह विकत घेण्याजोगा आहे का?

चक्रधर: वाहन-सिम्युलेशनचा हा गेम घ्यावा की नाही, याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. जर्मनीतील ब्रेमेनच्या कंपनीचा हा गेम २०१५ पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणून, म्हणजे अपूर्ण अवस्थेतच, विकला जात आहे. त्यात सलग कथा नाही, अधिकृत मल्टिप्लेअर नाही आणि व्हिडिओंमध्ये तर गाड्यांची मोडतोडच दिसते. एवढ्यासाठी पैसे का मोजावेत?

वंगण: त्या व्हिडिओंवरून या गेमची पारख करणे मला अन्यायाचे वाटते. बहुतेक रेसिंग गेममध्ये गाडी हा एक न वाकणारा ठोकळा असतो आणि धडकेनंतर आधीच बेतलेले पोचे तिच्यावर उमटतात. येथे मात्र गाडी वजन असलेल्या असंख्य बिंदूंची आणि त्यांना जोडणाऱ्या, ताण पडल्यास वाकणाऱ्या किंवा तुटणाऱ्या दुव्यांची बनलेली असते, आणि त्या सर्वांचे गणित सेकंदाला २००० वेळा मांडले जाते. समोरून धडक बसून रेडिएटर फुटला की कूलंट गळते, तापमानाचा काटा चढू लागतो आणि तरीही गाडी दामटली तर अखेर इंजिन निकामी होते. सस्पेन्शनचा एखादा आर्म वाकला तर स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढते. लांब उतारावर ब्रेक दाबूनच ठेवले तर ते तापून कमजोर पडतात आणि खालच्या गिअरमध्ये उतरणे का आवश्यक असते, हे कोणी न सांगता उमगते. गाडी आतून कशी चालते याचे ज्याला कुतूहल आहे, त्याने हा गेम अवश्य घ्यावा.

सावधचाल: भौतिकशास्त्राविषयी वंगण यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. इंजिन कसे बिघडते हे समजल्यानंतर पुढे करायचे काय, याचे उत्तर गेम देत नाही. छोटी आव्हाने आहेत, परंतु टप्प्याटप्प्याने प्रगती करत खेळायचा ‘करिअर’ हा खेळप्रकार अजून घडतोच आहे. खर्चही केवळ गेमपुरता राहत नाही, कारण रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचे स्वतंत्र गणित प्रोसेसरला करावे लागते आणि रहदारी सुरू करताच साधारण संगणक मंदावतो. शिवाय ज्या बारकाव्यांचे कौतुक होते, ते फोर्स फीडबॅक असलेल्या, म्हणजे चाकांवरचा जोर मोटरने हातांपर्यंत पोहोचवणाऱ्या, स्टीअरिंग व्हीलवरच जाणवतात. कीबोर्डवर त्यांतले फारच थोडे पोहोचते.

वंगण: कंट्रोलरवरही वजनाचा झोक चांगला कळतो. ‘अपूर्ण’ या शिक्क्याबद्दल सांगायचे तर, आजवरच्या अपडेटमधून नव्या गाड्या आणि नकाशे जुन्या ग्राहकांना विनामूल्यच मिळत आले आहेत. गाडीची रचना साध्या मजकुराच्या फाइलींत असल्याने स्प्रिंगचा कडकपणा स्वतः बदलून परिणाम पाहता येतो. ध्येय आखून न देणे हा मला दोष वाटत नाही.

सावधचाल: ज्याला दिवसभराच्या कामानंतर तासभर खेळायचे आहे, त्याला तो दोषच वाटेल. मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या गाड्या आणि नकाशे, यांविषयीही सावध राहावे, कारण मोठ्या अपडेटनंतर अनेक जुने मॉड नीट चालत नाहीत.

आडवाट: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळ झालेला असताना स्टीमकडे परताव्याची मागणी करता येते. तेवढ्या वेळात इटलीच्या नकाशावर एखादी साधी, लहान गाडी निवडावी आणि मोडतोड झाली तरी रीसेट करून गाडी पुन्हा नवी न करता डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर चालवावी. मग रहदारी सुरू करून संगणक कितपत तग धरतो ते पाहावे.

सावधचाल: संगणकाची परीक्षा तेवढ्यात नक्की होईल. परंतु पहिल्या दोन तासांत हा गेम कोणालाही आवडतो आणि माझा आक्षेप ज्या कंटाळ्याला आहे, तो परताव्याची मुदत उलटल्यावरच येतो.

चक्रधर: मला शर्यती जिंकण्यापेक्षा गिअर आणि क्लच समजून घेण्यात अधिक रस आहे आणि कंट्रोलर माझ्याकडे आहे. त्यामुळे आडवाट यांनी सांगितल्याप्रमाणे घेऊन पाहतो. स्टीअरिंग व्हील मात्र इतक्यात घेणार नाही.