कंडिशनरमधील गव्हाचे प्रोटीन सीलिएक असलेल्या मुलीला चालेल का?

ओंजळ:
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिएक (गव्हातील ग्लुटेन या प्रोटीनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असल्याचे गेल्या वर्षी निदान झाले. तेव्हापासून तिचे जेवण ज्वारी, नाचणी आणि तांदळावर असून तिचा तवा आणि पोळपाटही वेगळा ठेवला आहे. परवा तिच्या कंडिशनरच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ असे छापलेले दिसले. ते त्वचेतून आत जाऊन आतड्याला अपाय करू शकते का? तिला वेणीचे टोक चघळण्याची सवय आहे, हेही सांगायला हवे. जाणकारांनी कृपया लिहावे.

रसायनवाटा:
प्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनचे काम करत असल्यामुळे आधी घटकाविषयी सांगतो. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिल्यास स्टार्च निघून जातो आणि हातात चिवट, ताणला जाणारा ग्लुटेन उरतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आम्ल, अल्कली किंवा एन्झाइम वापरून त्याचे लहान तुकडे करतात; यालाच ‘हायड्रोलाइज्ड’ म्हणतात. हे तुकडे केसावर पातळ थर धरतात, ओलावा टिकवतात आणि केस विंचरताना गुंता कमी होतो. जाहिरातीतील ‘केसांची दुरुस्ती’ ती एवढीच. केस धुतले की थरही हळूहळू निघून जातो. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने मात्र तुकड्यांचा आकार फार महत्त्वाचा असतो आणि तो बाटलीवर लिहिलेला नसतो.

पिंपळपान:
वरील शेवटच्या वाक्याला जपानचा इतिहास जोडतो, कारण तो या घटकाविषयी बोलताना वगळता येत नाही. तिथे ‘चा नो शिझुकु’ नावाचा चेहरा धुण्याचा साबण अतिशय खपत होता आणि त्यात ‘ग्लुपर्ल १९एस’ हे आम्लाने तोडलेले गव्हाचे प्रोटीन होते. त्याचे तुकडे बरेच मोठे, सरासरी सुमारे ५०,००० डाल्टनचे (डाल्टन म्हणजे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) होते. रोज त्याचा फेस डोळ्यांच्या कडांना आणि नाकाला लागत गेला, साबणामुळे त्वचेचे संरक्षक आवरणही सैल होत असे, आणि शरीर त्या प्रोटीनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागले. मग आजवर निर्धास्तपणे नूडल्स आणि पाव खाणाऱ्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पापण्या गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर सुजू लागल्या; काहींना जेवणानंतर चालण्या-धावण्याने अ‍ॅनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अ‍ॅलर्जीचा, तीव्र झटका आला. २०११ मध्ये साबण परत मागवला गेला, पण तोवर बाधितांची संख्या वाढत गेली होती आणि पुढे ती २,००० च्या वर नोंदली गेली. साबण थांबवल्यावर पुष्कळांचा त्रास कालांतराने कमी झाला, ही त्यातली दिलासा देणारी बाब. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने प्रसाधनांतील या प्रोटीनच्या सरासरी रेणुभाराला ३,५०० डाल्टनची मर्यादा घातली.

ही सगळी हकिकत अ‍ॅलर्जीची आहे, सीलिएकची नव्हे. घरात कुणाला गहू खाल्ल्यावर गांधी उठत असतील, तर त्यांनी हा घटक टाळावा आणि वापरातील साबण-शाम्पूंची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

नाचणीसत्त्व:
ओंजळताई, माझ्या मुलालाही सीलिएक आहे, म्हणून मनापासून सांगते. सीलिएकमध्ये अपाय होतो तो ग्लुटेन पोटात गेल्याने. जखम नसलेल्या त्वचेतून तो आतड्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे केसांना लावून धुऊन टाकलेल्या कंडिशनरची धास्ती नको. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र मी तो बदलेनच, कारण चघळलेल्या वेणीतून थोडा अंश तोंडात जाऊ शकतो, आणि केसांत तसेच राहू द्यायचे सीरम किंवा क्रीम असेल तर अधिकच. ओठांचा बाम आणि हातांचे क्रीम याच कारणाने तपासा. लेबलवर ‘ट्रिटिकम व्हल्गेअर’ असे लिहिले असेल तर तोही गहूच समजावा.

ओंजळ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बामच्या डबीवर ‘व्हीट जर्म ऑइल’ आहे, ते तेल असल्याने चालेल का?

नाचणीसत्त्व:
तेलात प्रोटीन अत्यल्प असते, पण बाम दिवसभर चाटला जातो. तुम्ही गव्हाविना असलेला दुसराच घ्या.