स्नोफ्लेकमध्ये यूडीएफ कोणत्या भाषेत लिहावे? एसक्यूएल, जावास्क्रिप्ट की पायथन?

नमस्कार,

आमचे डेटा वेअरहाउस, म्हणजे विश्लेषणासाठी डेटा एकत्र ठेवण्याची जागा, स्नोफ्लेक या क्लाउड सेवेवर आहे आणि तिथे आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खातेक्रमांक, वैध आहे की नाही हे तपासणारे एक यूडीएफ (यूजर-डिफाइन्ड फंक्शन, म्हणजे आपण स्वतः लिहून क्वेरीत वापरायचे फंक्शन) मला लिहायचे आहे. सध्या हीच तपासणी निरनिराळ्या क्वेरींमध्ये थोड्याफार फरकाने लिहिलेली असल्यामुळे एका अहवालात वैध ठरलेले खाते दुसऱ्यात अवैध ठरते, म्हणून ती एकाच जागी आणायची आहे. स्नोफ्लेक त्यासाठी एसक्यूएल, जावास्क्रिप्ट, पायथन, जावा आणि स्काला या भाषा देते. जावा आणि स्काला सांभाळणारे आमच्याकडे कोणी नसल्यामुळे प्रश्न पहिल्या तिघींचाच आहे.

तपासणीची रीत अशी: आयबॅनमधले पहिले चार वर्ण शेवटी न्यायचे, प्रत्येक अक्षराच्या जागी अंक घालायचे (ए म्हणजे 10, झेड म्हणजे 35) आणि तयार झालेल्या संख्येला 97 ने भागून बाकी 1 उरते का ते पाहायचे. आयबॅन 34 वर्णांपर्यंत लांब असू शकतो आणि त्यात अक्षरांचे दोन-दोन अंक होतात, त्यामुळे ही संख्या स्नोफ्लेकच्या नंबर या डेटाप्रकाराच्या 38 अंकांच्या मर्यादेत मावेलच असे नाही. एसक्यूएलमध्ये लिहायचे तर तिचे तुकडे करून बाकी पुढे न्यावी लागते. ते जमते, शिवाय साधे एसक्यूएल यूडीएफ ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) मूळ क्वेरीत मिसळून घेता येते, हा मोठा फायदा आहे. पण अक्षरांच्या जागी अंक घालण्यासाठी एकात एक गुंफलेले इतके रिप्लेस पुढे दुसऱ्या कोणाला दुरुस्त करावे लागले, तर त्याचे हाल होतील.

जावास्क्रिप्टमध्ये नेहमीची संख्या 64 बिटांची डबल असते. 9007199254740991 च्या पुढे पूर्णांक अचूक राहण्याची हमी नसते, आणि अशा वेळी एररही न येता चुकीची बाकी मिळते, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. बाकीला 10 ने गुणून पुढचा अंक मिळवायचा आणि पुन्हा 97 ने भागायचे, असे अंकागणिक केले तर ही अडचण राहत नाही. मात्र नव्याने लिहिणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या लागतात: अवतरणचिन्हांशिवाय जाहीर केलेली आर्ग्युमेंटची नावे कोडमध्ये कॅपिटल अक्षरांतच लिहावी लागतात, आणि एसक्यूएलमधला नल (रिकामे मूल्य) तिथे अनडिफाइन्ड म्हणून पोहोचतो.

पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नसल्याने अक्षरांचे अंक झाल्यावर उरलेले काम एका ओळीत होते आणि कोड वाचताक्षणी कळतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. शंका वेगाची आहे. व्हेक्टराइज्ड यूडीएफला ओळींचे गठ्ठे पांडाज या पायथन लायब्ररीच्या डेटाफ्रेमच्या, म्हणजे तक्त्याच्या, रूपात मिळतात हे खरे, पण इतके मोठे पूर्णांक पांडाजच्या 64 बिटी स्तंभात बसत नाहीत, त्यामुळे आतमध्ये शेवटी ओळीगणिक लूपच चालवावा लागेल असे दिसते.

कोट्यवधी ओळींवर असे पायथन यूडीएफ ज्यांनी चालवले आहे, त्यांना एसक्यूएल किंवा जावास्क्रिप्टच्या तुलनेत वेअरहाउसच्या (इथे क्वेरी चालवणाऱ्या यंत्रणेच्या) वेळेत किती फरक जाणवला? या कामात व्हेक्टराइज्ड प्रकाराने खरोखर काही हाती लागते का? आणि डेटा भरतानाच तपासणी करून निकाल बूलियन (खरे किंवा खोटे) स्तंभात साठवला, तर यूडीएफ प्रत्येक क्वेरीत चालवावेच लागणार नाही आणि मग वेगाऐवजी वाचनीयतेवरून भाषा निवडता येईल, या विचारात काही त्रुटी दिसत असेल तर तीही कृपया सांगावी.