जॅझचा रियाझ कंटाळवाणा झालाय, काय करू?

तारसप्तक: अल्टो सॅक्स (सॅक्सोफोन) वाजवतो, ऑफिसवरून आलो की तेच स्केल्स, तेच टू-फाइव्ह-वनचे (जॅझमधली नेहमीची कॉर्डची साखळी) तुकडे, हल्ली तर वाद्याची केस उघडायचाच कंटाळा येतो. ऐकणंपण नुसतं बॅकग्राउंडला चालू असतं. काहीतरी सुचवा ना.

कोमल_नी: स्केल्स ठेव बाजूला थोडे दिवस. माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' घे. ३२ बार (चार-चार मात्रांचे), १६ डी डोरियन, मग ८ अर्धा सूर वर, परत ८ खाली, बास्स. डोरियन म्हणजे आपला काफी थाटच की, ग नी कोमल. त्याच्या सोलोचे चार बार आधी तोंडाने गा, जिथे तो गप्प बसतो तिथे तूही गप्प बस, मगच वाद्य हातात घे. माणूस किती कमी वाजवतो ते गाताना कळतं.

बारा_बार: मोडल (असं एकेका स्केलवर वाजवणं) ठीके पण माझं मत ब्लूजला. मेट्रोनोम ६० वर लावायचा, वाजवायचं १२० ने आणि टिकटिक बारच्या २ आणि ४ मात्रेवर धरायची. सुरुवातीला डोकं फिरतं राव, पण स्विंग (जॅझची झुलती लय) येतो.

कट्ट्यावरचा: ऐकायला सी. रामचंद्रांचा 'अलबेला' (१९५१) काढा, ट्रम्पेटवाला गोव्याचा चिक चॉकलेट. शिकवणी वाटतच नाही, मजा येते.

तारसप्तक: भारी! अल्टोवर तोच सूर वेगळ्या नावाने लिहितात, म्हणजे 'सो व्हॉट' अल्टोवर बी डोरियन पडेल ना?

कोमल_नी: हो, बी. मधल्या ८ ला सी.