‘लाडकी बहीण’ : योजना चालू, नावं बंद. कपात उघड करावी की छाननीतून?

हिशेबी
ही योजना बंद होणार का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तेवढी छाती कुणाचीच नाही. २०२४ च्या विधानसभेला विरोधकांचं आश्वासन तर ३,००० रुपयांचं होतं. मुद्दा आहे कपात कशी चाललीय याचा.

महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. पहिला वार्षिक अंदाज ४६,००० कोटींचा, म्हणजे अडीच कोटींहून थोड्या जास्त बहिणी. २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी. भागून पाहा, बरोबर दोन कोटी येतात. पन्नासेक लाख नावं गळायला हवीत हे मार्च २०२५ मध्येच कागदावर आलं होतं, तोंडाने कुणी म्हणालं नाही. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची. कापायचंच आहे तर निकष बदला, विधानसभेत सांगा, मतदान घ्या. केवायसीच्या, म्हणजे आधार पडताळणीच्या, आडून नको.

गोदाकाठ
असहमत. निकष बदलून तपासणार कोण? वार्षिक उत्पन्नाच्या अडीच लाखांच्या मर्यादेचे दीड लाख करा, गावात काडीचा फरक पडणार नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. केशरी कार्डाची वरची मर्यादा एक लाख आणि ती १९९९ ची! पोरगा पुण्यात नोकरीला लागला म्हणून कुणी कार्डाचा रंग बदलून घेत नाही. सरकारकडे धड उपलब्ध असलेली माहिती तीनच : प्राप्तिकर, आरटीओ आणि सरकारी पगारपत्रक. त्या लावून छाननी झाली तर त्यात चोरटेपणा कसला?

राजकारणही समजून घ्या. जून २०२५ मध्ये २६.३४ लाख खात्यांचे पैसे थांबवले. मोर्चे निघाले? नाही. मोर्चा निघायला एकाच दिवशी, एकाच कारणाने सगळ्यांचं अडायला लागतं. इथे प्रत्येकीला वाटतं, आपल्याच आधारचा काहीतरी घोळ आहे.

हिशेबी
तुम्ही गुण म्हणून सांगताय तोच माझा आक्षेप आहे.

तालुका_टेबल
दोघेही वरवर बोलताय. नाव गळतं कुठे ते बघा.

ई-केवायसीत बाईचा आधार क्रमांक, मग ओटीपी. तो जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, जो बऱ्याच घरांत नवऱ्याचा किंवा रिचार्ज संपून बंद पडलेला असतो. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांचा ओटीपी. विधवा, परित्यक्ता इथेच अडकल्या. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय मुदतवाढीच्या वेळी झाली. पण कोर्टाची पायरी न चढता टाकून दिलेल्या बाईने कुठला कागद आणायचा?

त्यानंतर घोषणापत्र. घरातलं कुणी सरकारी नोकरीत ‘नाही’, असं नकारार्थी वाक्य आणि पुढे हो की नाही. नोकरी नाही म्हणून ‘नाही’ दाबलं की अर्थ उलटा, हप्ता बंद. हे निस्तरायला पुन्हा सेविकांनाच दारोदार पाठवायची वेळ आली.

शिवाय एक वेगळीच गंमत. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. कधीकाळी काढलेलं, विसरलेलं खातं निघतं. बाई म्हणते बंद झाले, पोर्टल म्हणतं जमा झाले.

याउलट नियमाने अपात्र असलेली चारचाकीवाली घरं. यादी हातात देऊन सेविकेला दारात पाठवायचं, तेही तिच्याच गावात. सरपंचाच्या सुनेचं नाव ती कापेल? अर्ज भरायला तिला फॉर्ममागे ५० रुपये कबूल केले होते, कापायला शिव्या फुकट.

गोदाकाठ
@तालुका_टेबल, फॉर्मच्या चुका मान्य, दुरुस्त करता येतात. पण १४,२९८ पुरुषांनी हप्ते उचलले ते छाननीतूनच कळलं ना?

हिशेबी
कळलं. रक्कम २१.४४ कोटी. ३६,००० कोटींत ती दिसतसुद्धा नाही. बोगस शोधून तिजोरी सावरत नाही, मथळा तेवढा मिळतो.

उघड कपात पचते याचा दाखला याच योजनेत आहे. ज्यांना पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० मिळतात, म्हणजे महिना १,०००, त्यांना इथून फक्त ५००. अशा ७.७४ लाख महिला. नियम एका वाक्यात सांगता येतो. कुरकुर झाली, आकाश कोसळलं नाही.

जुना_फेरफार
आणखी मागे जा. २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे सरकारने निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना वीज मोफत केली. निवडणूक जिंकली, विलासराव आले, २००५ मध्ये सवलत काढून घेतली. २००९ ला तीच आघाडी पुन्हा सत्तेवर! कापायचं तर पहिल्याच वर्षी, एकदाच. जुनी पेन्शनही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागणाऱ्यांचीच बंद केली, कारण न लागलेल्या कर्मचाऱ्याची संघटना नसते.

गोदाकाठ
आणि त्याच ‘न लागलेल्यांनी’ जुनी पेन्शन मागत मार्च २०२३ मध्ये सगळी कार्यालयं आठवडाभर बंद पाडली, हे सोयीस्कर विसरलात. विजेचंही तेच. सवलत गेली म्हणून शेतकऱ्याने बिल भरलं का? थकबाकी वाढत गेली, आणि २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज पुन्हा मोफत झालीच. खर्च कापला गेला नाही, महावितरणच्या वहीत जाऊन बसला.

तालुका_टेबल
ताजं उदाहरण एक रुपयातल्या पीकविम्याचं आहे. २०२३ ला सुरू, २०२५ च्या खरिपापासून बंद, पुन्हा दोन टक्के हप्ता. विरोध त्या मानाने किरकोळ. कारण सेवा केंद्रांना अर्जामागे ४० रुपये मिळत होते, सरकारी जमिनीवरसुद्धा विमे उतरले होते, त्यामुळे बदनामी आधीच झाली होती. दुसरं कारण, विम्याचे पैसे दरमहा येत नाहीत. न आलेल्या पैशाची सवय लागत नाही.

हिशेबी
त्याचीही किंमत लावा. हप्ता वाढवताना स्थानिक आपत्ती आणि हंगामातली प्रतिकूलता हे भरपाईचे ट्रिगरही काढले, उरला तो कापणी प्रयोग, म्हणजे शेवटी पीक कापून मोजलेलं उत्पादन. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला आणि ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं.

जुना_फेरफार
ते पॅकेज विमा असता तरी द्यावंच लागलं असतं. जमिनी खरवडून गेल्या, त्याला विमा काय करणार?

बाकी ‘लाडकी बहीण’बाबत माझा अंदाज सांगतो. कुणी काही कापणार नाही. महायुतीने निवडणुकीत दिलेलं २,१०० चं आश्वासन लांबवत राहायचं, १,५०० तसेच ठेवायचे. गॅस, तेल, शाळेची रिक्षा वाढत जाईल आणि दहाएक वर्षांत रक्कम आपोआप निम्म्या मोलाची होईल. शासन निर्णय नको, केवायसी नको.

तालुका_टेबल
तोपर्यंत पैसे कुठून आणायचे? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विभागाचे ३३५.७० कोटी इकडे वळवले, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले होते. कपात तिथे आधीच सुरू आहे. वसतिगृहातल्या पोरांच्या भत्त्याची छाननी कुठल्या पोर्टलवर बघायची, तेवढं सांगा.